पाण्याच्या बशीतली अळी

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. महाराजांनी एका बाईच्या पापणीवर कापूस फिरवला, पाण्याच्या बशीत झटकला आणि पांढरी अळी वळवळू लागली. "आली, आली!" म्हणत माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावली.

शिंप्याचा नंबर आला. बायको गेल्यापासून त्याचा उजवा डोळा लाल आणि चिकट होता. सकाळी तर वाळू भरल्यासारखा. सुईत दोरा ओवता येईना. तीनदा औषधाचे थेंब बदलून झाले. गेल्या खेपेला महाराज म्हणाले होते, "तीच रुसून डोळ्यात बसलीय. आधी अळी काढू, मग तिच्या वस्तू जाळ. चिंधीसुद्धा ठेवू नकोस." घरी गाठोडं बांधून तयार होतं. वर तिची उशी.

कापूस फिरला. बशीत अळी वळवळली.

"बघ, कशी तडफडतेय!"

शिंप्यानं ती चिमटीत उचलली. डोळा अधू होता, पण बोटं चाळीस वर्षं दोऱ्यावर पोसलेली. पीळ उलटा फिरवताच दोन पेड सुटले.

"महाराज, हा दोरा आहे. दुपेडी. घट्ट पिळाचा दोरा भिजला की पीळ सोडतो, म्हणून वळवळतो. टोकसुद्धा कात्रीनं कापलंय."

"नास्तिका! डोळा फुटेल तुझा!"

"माझी अळी खरी होती हो," मघाची बाई रडकुंडीला येऊन म्हणाली. दोरा बशीत टाकून शिंपी घरी आला. मुलीला सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यानं पापणी नुसती वर ओढली, तर खिसा उलटावा तशी ती उलटली.

"सैल पडलीय. झोपेत उलटते आणि रात्रभर उशीला घासते. पुष्कळदा हे ओळखूच येत नाही. कुठल्या कुशीवर झोपता?"

"उजव्या. तिकडे तिची जागा."

"घोरता?"

"सांगणारी गेली."

"घोरायचे," मुलगी म्हणाली. "आई ढोसून कूस बदलायला लावायची."

"अशी पापणी आणि घोरणं असलं की पुष्कळदा झोपेत श्वासही अडकतो, तेही तपासू. तोवर मलम, रात्री डोळ्यावर पट्टी, आणि डाव्या कुशीवर झोपा."

म्हणजे ती गेली म्हणून डोळा बिघडला, हे खरंच होतं. फक्त ती रुसली नव्हती. ढोसणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

मेलेलं माणूस कुणाच्या डोळ्यात बसत नाही. डोळा खुपत राहिला तर पापणी उलटून बघणारा डॉक्टर गाठा. काडी ओढायच्या आधी एकदा विचारा, हे कशावरून?

त्या रात्री शिंप्यानं गाठोडं सोडलं. तो डाव्या कुशीवर वळला आणि परत उजवीकडे कलंडू नये म्हणून तिची उशी पाठीशी लावली.