ढोल माझाच, वाजवणारा मी नाही

"काका, आजाचा ढोल उघडत नाय."

प्रिया मोबाइल पुढे धरून दारातच उभी होती. नवनाथला आधी काही उमगेना. मग पडद्यावरची रिकामी राखाडी चौकट दिसली आणि तो वरमला. कॉलेजात असताना तो ठाकुरवाडीजवळच्या एका वाडीवर श्रमदान शिबिराला गेला होता. तिथे त्याने हिच्या आजाचा, पोशाचा ढोल टेप केला आणि त्यावर ब्राउझरमध्ये चालणारा एक गेम बेतला. ढोलावर थाप पडली की बटण दाबायचं, एवढाच खेळ. कर्जतच्या कॉम्प्युटर क्लासातली पोरं वेड लागल्यासारखी खेळायची. पुढे नवनाथ खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून चिकटला, ब्राउझर बदलत गेले आणि आपला गेम कधी बंद पडला, हे त्याला कळलंसुद्धा नाही.

"आजा झाडावरनं पडला, उजवं मनगट गेलं," प्रिया म्हणाली. "काठी धरवत नाय आता. त्याचा ढोल दुसरीकडं कुठंच नाय, काका. तुमच्याकडंच हाय."

नवनाथने जुनी हार्ड डिस्क शोधून काढली. स्वतःचाच कोड वाचताना त्याला हसू येई आणि लाजही वाटे. कशाला काय नाव दिलंय, पत्ता नाही. एकच काम चार ठिकाणी लिहिलेलं.

"एवढ्या कोणाला शिव्या घालताय?" त्याच्या बायकोने, सुनिताने, चहा ठेवत विचारलं.

"बावीस वर्षांच्या नवनाथला," तो म्हणाला.

चार रविवार तो त्यावर बसला. जुन्या फायलीतून आवाज सुटा केला, सगळं नव्याने लिहिलं. मधे सहाशे बारा आकड्यांची एक यादी निघाली, प्रत्येक थापेची वेळ हाताने टाइप केलेली. अंतरं कमीजास्त होती. हा आपला तेव्हाचा गबाळेपणा, असं समजून त्याने यादी उडवली, एकसारखी लय धरणारी एकच ओळ लिहिली आणि आवाजही तिच्या मापात ताणून बसवला. कोड आरशासारखा स्वच्छ झाला.

पाचव्या रविवारी प्रिया आजाला घेऊन आली. पोशा खुर्चीच्या कडेवर टेकला. ढोल सुरू झाला. तो मान वाकडी करून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"ढोल माजाच हाय," तो म्हणाला. "वाजवनारा मी नाय."

"नाही कसे, आजा? तुमचीच टेप आहे ही."

"तवा समोर बाया नाचत व्हत्या. त्या घुमल्या का हात आपसूक पळतो. त्या दमल्या का हात थांबतो त्यांच्यासाटी." तो हसला. "घड्याळ लावून कोन नाचतं रं?"

नवनाथने आपली ती एकच ओळ पुन्हा वाचली. गबाळेपणा तेव्हाचा नव्हता, आत्ताचा होता. त्याने ताणलेला आवाज काढून मूळचा लावला. जुनी यादीही परत आणता आली असती, पण तीसुद्धा त्याने शहरी कानाने ऐकून केलेली. त्याने कीबोर्ड पोशापुढे सरकवला.

"आजा, थाप पडेल तिथे तुम्हीच हे लांब बटण दाबा. वेळ मशीन लिहून घेईल."

पोशाने डावा हात उचलला आणि असा हाणला की टेबलावरचा कप उडाला.

"हळू, आजा! फुटंल ते!" प्रिया ओरडली.

"ढोल काय हळू वाजवत्यात?"

पहिल्यांदा हात मागे पडला, दुसऱ्यांदा दम लागला. डाव्या हाताला सवय नव्हती. नवनाथ म्हणाला, "राहू द्या, पुढच्या रविवारी करू." पोशाने मान हलवली, उजव्या हाताचं मोडकं मनगट मांडीवर नीट ठेवलं आणि डोळे मिटले. तिसऱ्यांदा तो मधे कुठेच थांबला नाही. शेवटाकडे लय धावत सुटली, तशी त्याची बोटंही धावली. प्रियाचा पाय फरशीवर कधी पडायला लागला, तिचं तिला कळलं नाही.

पडद्यावर नवी यादी उमटली. एकही अंतर दुसऱ्यासारखं नव्हतं. नवनाथने आपली ती देखणी ओळ पुसली आणि यादी जशीच्या तशी आत घातली.

आवाज थांबला होता. पोशाचे डोळे मिटलेलेच होते आणि डावा हात अजून स्वतःच्या गुडघ्यावर पडत होता, अगदी हलका. बाहेर त्यांना परत न्यायला आलेला टमटमवाला हॉर्न देत होता. प्रियाने पिशवी उचलली, आजाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली.