रंभाबाईचा अंगठा

चंद्रकला उमरेडच्या विणकराची मुलगी. नागपुरात राज्यशास्त्रात एम.ए. करत होती. सहा आठवडे एखाद्या कार्यालयात काम करून तिथला दाखला आणायचा, असा तिच्या विभागाचा नियम होता. दाखला नाही तर परीक्षा नाही. चौऱ्याहत्तर साली तिला मिळाली कळमेश्वरजवळच्या एका गावाची ग्रामपंचायत.

ग्रामसेवक बाबनरावांनी तिचं वळणदार अक्षर पाहिलं आणि पाच आठवडे तिच्याकडून नुसती पत्रं लिहून घेतली. सभा एकही झाली नाही. सहाव्या आठवड्यात त्यांनी सभेची वही पुढे सरकवली.

"लिही, मागच्या सोमवारची सभा."

"सोमवारी तर हापिसाले कुलूप होतं, काका."

"तुले दाखला पायजे ना? मंग लिही."

तिनं खाली मान घालून लिहिलं. खालच्या वस्तीला मंजूर झालेला हातपंप सरपंचांच्या घरासमोर बसवावा, अशी सूचना सदस्य रंभाबाई यांनी मांडली. ती एकमतानं मान्य झाली.

"आता तिचा अंगठा घेऊन ये," बाबनराव म्हणाले. "तिले आपण सभेले बोलवत नाही. वही घरीच धाडतो."

रंभाबाई खालच्या वस्तीतच राहायची. विहिरीवरून आणलेली घागर तिनं नुकतीच उतरवली होती. वही दिसताच तिनं सवयीनं अंगठा पदराला पुसला आणि पुढे केला. तो पुढे आलेला अंगठा पाहून चंद्रकलेला शाईचं पॅड उघडवेना.

"आधी वाचून दाखवते, मावशी."

"काहून वं? आजवर कोणी वाचलं नाही."

चंद्रकलेनं वाचलं. रंभाबाईनं अंगठा मुठीत मिटला.

"हे मी बोलली? लिहिलं कोणं?"

"मी."

"इतकं शिकून हेच शिकली का वं? माह्याच तोंडून माह्या वस्तीचा पंप पळवला?"

चंद्रकलेचे कान तापले. राग बाबनरावांचा होता, त्याहून जास्त स्वतःचा. दोन वर्षं ती लोकांच्या राज्याबद्दल वाचत होती, आणि एका दाखल्यासाठी तिनं एका बाईचा आवाज चोरला होता.

कार्यालयात परत येऊन तिनं त्याच मजकुराखाली लिहिलं, "अशी सभा झालेली नाही. वरचं खोटं मी लिहिलं आहे." खाली पूर्ण नाव घातलं आणि सही केली.

"वेडी झाली का?" बाबनरावांनी वही ओढली. "आता दाखला विसर. वर्ष गेलं तुह्यं."

"जाऊ द्या."

चंद्रकलेच्या मागोमाग आलेली रंभाबाई दारातून हे ऐकत होती. ती आत आली. पाच वर्षं सदस्य होती, पण या खोलीत पहिल्यांदाच. सरपंचांच्या रिकाम्या खुर्चीशेजारची खुर्ची ओढून ती ऐसपैस बसली.

"बाबनराव, सभा कवा हाय? मी बसून राहिली. अन् ही पोरगी लिहीन."