पियानोशेजारचं दार

कपड्यांचा ड्रायर कर्कश वाजला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. डिलेनी दचकली. ती मघापासून टेबलाशी वही उघडून बसली होती, पण एक ओळही लिहून झाली नव्हती.

"टॉवेल काढ," बटाटे सोलता सोलता ममा म्हणाली. "आणि एफीला घे मदतीला. उद्या उपासनेनंतर ब्रदर वेंडेल तिच्याशी बाप्तिस्म्याचं बोलणार आहेत. तू प्रभूकडे कशी आलीस, ती तुझी साक्ष सांग तिला."

"ममा, तिनं शंभरदा ऐकलीय."

"मग एकशे एकावी. तुझ्या तोंडून ऐकताना मोठी माणसं रडतात गं, तुझी बहीण तर सहा वर्षांची आहे."

डिलेनी उठली. सोळाव्या वर्षी तिचा चर्चमध्ये केवढा मान होता. शाळेच्या झेंड्याखाली सकाळी मुलं हातात हात घालून प्रार्थना करायची, तेव्हा सुरुवात तिनंच करायची, असं ठरूनच गेलं होतं. टेनेसीतल्या त्या लहानशा गावात आया आपल्या मुलींना तिचं उदाहरण द्यायच्या.

खरं काय घडलं होतं ते फक्त तिला ठाऊक.

ती सात वर्षांची होती. रविवारच्या उपासनेचा शेवट. ज्याला आपलं जीवन प्रभूला द्यायचंय त्यानं पुढे यावं, म्हणून चर्चचे पाळक ब्रदर वेंडेल हात पसरून उभे होते आणि बाकी सगळे डोळे मिटून गात होते. गाणं काही संपेना. पाचव्या कडव्याला डिलेनीला राहवेना. तिला शू लागली होती, आणि बाथरूमचं दार होतं पुढे, पियानोशेजारी. बाकांमधल्या वाटेनं ती पाय आवळत निघाली. दार चार पावलांवर राहिलं असताना ब्रदर वेंडेल यांच्या मोठ्या, उबदार हातानं तिचा हात धरला.

"केवढं धीट लेकरू," ते म्हणाले, आणि त्यांचा गळा भरून आला. मागे आजी हुंदके देत होती. कधी डोळ्यांत पाणी न आणणारे आजोबा रुमालासाठी खिसे चाचपत होते. अशा वेळी, मला बाथरूमला जायचंय, असं कोण म्हणेल? तिनं होकारार्थी मान हलवली. तीन आठवड्यांनी ती बाप्तिस्म्यासाठी पांढरा झगा घालून पाण्यात गेली आणि नाका-तोंडात पाणी जाऊन खोकत वर आली.

गोष्ट तेवढ्यावर थांबली असती तर एक वेळ चाललं असतं. पण मोठ्या मुलांच्या बैठकीत साक्ष द्यावी लागते. पहिल्या वर्षी ती म्हणाली, कुणीतरी हात धरल्यासारखं वाटलं. ते खोटंही नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्या हाताच्या आसपास उजेड आला. गेल्या उन्हाळी शिबिरात, घरची माणसं न्यायला आली होती त्या दिवशी, तिनं सांगितलं की तिला नावानं हाक ऐकू आली. दोन मुली रडल्या. एफी ममाच्या मांडीवर बसून, तोंड उघडं टाकून ऐकत होती.

कपड्यांच्या खोलीत एफीनं गरम टॉवेलमध्ये तोंड खुपसलं.

"डी, मी उद्या नाही म्हणणार आहे."

"का गं?"

"मला हाकच आली नाही. सात रविवार झाले. डोळे घट्ट मिटून ऐकते मी. शेजारी बसलेला टकर नाक ओढतो, तेवढंच ऐकू येतं."

डिलेनीला हसू आलं.

"एकदा आली वाटली. पण ती मागच्या बाकावरची मिस लोरेटा होती. म्हणाली, बाकावरचे पाय खाली घे." एफीनं तोंड वर काढलं. गाल लाल झाले होते, टॉवेलनंच असं नाही. "मी टकरला चावले होते ना, म्हणून नको असेन मी देवाला."

डिलेनीचे कान तापले. तुलाही येईल हाक, धीर धर. वाक्य जिभेवर तयार होतं, अगदी गुळगुळीत. ते किती गुळगुळीत आहे हे कळलं आणि तिची तिलाच किळस आली. तिनं पायानं दार लोटलं आणि खाली बसली.

"एफी, मला हाक आली नव्हती."

"आली होती. 'डिलेनी' अशी."

"नव्हती आली. मी शूला चालले होते."

एफी इतकी हसली की तिला टॉवेल तोंडात कोंबावा लागला.

"मग झाली?"

"थोडी तिथंच. कुणाला दिसली नाही."

"ब्रदर वेंडेलना पण नाही?"

"नाही." डिलेनीला तिच्याकडे बघवेना. "ते हाकेचं मी नंतर घातलं. सगळे ऐकत होते म्हणून. तू पण ऐकशील, मनाला लावून घेशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे मी नकोशी नाहीये?"

"नाहीस. अजिबात नाहीस."

एफीनं सुस्कारा टाकला, जणू कुणी तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवून घेतलं. टॉवेलची टोकं जुळवायला लागली; ती जुळत नव्हती.

"सांगितलंस का गं?" स्वयंपाकघरातून ममाचा आवाज आला.

"सांगतेय," डिलेनी म्हणाली. हे ममालाही सांगावं लागणार, आजीलाही, आणि झेंड्याखालच्या त्या सगळ्यांनाही.

एफीनं घडी मोडली, पुन्हा घातली आणि विचारलं, "बरं, मग त्याच्यानंतर? खरी हाक कधी आली तुला?"