अनादीदांचं गंगाजल

सत्कार्याच्या मांडवात सगळ्यात पुढे कोण असतो? ज्याला त्या कार्यातलं ओ की ठो कळत नाही, तो! बंगालमधल्या श्रीरामपूरच्या आमच्या पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, क्लबाचे सेक्रेटरी अनादी पाकडाशी हे त्यातलेच. रक्तदान शिबिर म्हटलं की कडक इस्त्रीचा पंजाबी कुर्ता घालून, फोटोवाल्याला बगलेत मारून, नवरदेवासारखे मिरवायचे. रक्त मात्र स्वतः कधी दिलं नाही. त्यांना म्हणे चक्कर येते.

यंदा त्यांनी नवं खूळ काढलं. प्रत्येक रक्तदात्याच्या दंडाला स्वहस्ते गंगाजल लावायचं. घाटावरून तांब्याची लोटी भरून आणली. त्या घाटावर सकाळी सगळा पाडा अंघोळ करतो, म्हशी डुंबतात आणि विसर्जनाचा गाळ वर्षभर कुजतो. एका हातात अर्धा खाल्लेला फिश फ्राय, दुसऱ्या हातात लोटी, अशी आमच्या पुढाऱ्याची स्वारी खाटांमधून फिरू लागली.

शाळेतल्या असितमास्तरांचं रक्त घेऊन झालं. पुढच्या खाटेवर बिजन होता. त्याची बायको काजोरी रक्ताच्या कर्करोगाने कोलकात्याच्या इस्पितळात होती. तिला दर आठवड्याला कुणाच्या तरी प्लेटलेट्स चढवाव्या लागत. घेतो तसं द्यावंही, म्हणून तो आला होता.

परिचारिकेने त्याच्या कोपराची खोबण औषधाने पुसली आणि सुई घ्यायला वळली. तेवढ्यात अनादीदांनी बोटं लोटीत बुचकळून तिथेच टेकवली. "हं, काढ फोटो!"

"हात काढा!" रक्तपेढीच्या डॉक्टर सुदेष्णा धावत आल्या. "पुसलेल्या जागेला कुणी हात लावायचा नसतो. मास्तरांनाही लावलंत का हे?"

"लावलं ना! का लावू नये? गंगेचा विटाळ होतो का तुम्हाला, डॉक्टरदीदी?"

डॉक्टरांनी मास्तरांची पिशवी उचलून बाजूला ठेवली. "ही फेकावी लागणार."

"फेकणार? माणसाचं रक्त?" अनादीदांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "उगाच दोन थेंब पाण्याचा बाऊ!"

"गंगेत मीही बुडी मारते, अनादीदा. पण सुई कातडीवरचे जंतू सोबत घेऊन आत शिरते. म्हणून तर पहिलं थोडं रक्त आम्ही वेगळ्या छोट्या पिशवीत सोडतो. याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्स फ्रिजमध्ये ठेवता येत नाहीत. बाहेरच्या उबेत जंतू वाढतात आणि थेट आजाऱ्याच्या शिरेत जातात."

बिजन उठून बसला होता. "मागे काजोरीला अशीच एक पिशवी चढली, दादा. खाट हलायची इतकी थंडी वाजली तिला. डॉक्टर म्हणाले, जंतू होते. मरता मरता वाचली. तुमचं हे पाणी माझ्या हातून कुणाच्या बायकोला देऊ?"

"अरे, पण पवित्र—"

"बरं," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "नाही फेकत. तुमचा रक्तगट?"

"बी. का?"

"मास्तरांचाही बी. झोपा इथे. बाकी तपासण्या करून तुम्हालाच चढवते ही."

"मला?" अनादीदा दोन पावलं मागे सरले. "मला कशाला?"

"का? गंगाजलच तर आहे!"

अनादीदांच्या कपाळावर घाम डवरला. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग स्वतःच्या तेलकट बोटांकडे. अरेरे! जे स्वतःच्या अंगात घ्यायला पाचावर धारण बसते, ते आपण परक्याच्या लेकीबाळींना वाटत होतो, हे त्या डोक्यात एकदाचं शिरलं. लोटी खाली ठेवून ते असितमास्तरांपाशी गेले. "मास्तर, तुमचं रक्त मी मातीमोल केलं. माफ करा." आमच्या पाड्याने त्यांच्या तोंडून माफी हा शब्द प्रथमच ऐकला.

बिजनचा दुसरा हात पुसला गेला. औषध वाळायची वाट बघताना कुणीतरी फुंकर मारायला वाकलं, तर अनादीदाच खेकसले, "तोंड लांब ठेव, गाढवा! आपोआप वाळू दे!"

बंधू-भगिनींनो, असे अनादीदा गावोगाव आहेत, आणि थोडेसे आपल्यातही आहेत. रक्त देताना सुईची जागा स्वच्छ पुसू द्या, वाळू द्या, तिला पुन्हा बोट लावू नका. ताप-जुलाब असतील तर जंतू रक्तातही असू शकतात; लाजू नका, सांगा आणि घरी जा. तुमचं पुण्य बुडत नाही. स्वतःच्या शिरेत घ्यायला जे भय वाटेल, ते दुसऱ्याला देणं याला दान म्हणत नाहीत.