आत्याच्या गाडीतला चकचकीत पाइप

"याचा खरंच उपयोग असतो का रे, बारक्या?" आत्यानं विचारलं, तेव्हा बारक्या बोनेटमध्ये डोकं घालून उभा होता. वर न बघताच तो म्हणाला, "असतो की! ओढ वाढते, डिझेल वाचतं. चढावर तुझं तुलाच कळेल."

बारक्या म्हणजे चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, स्वतःचं गॅरेज असलेला मेकॅनिक. पण आत्यानं त्याला तिसऱ्या वर्षापासून सांभाळलेलं, त्यामुळे तिच्या लेखी तो बारक्याच राहिला. नवरा गेल्यावर दीर गाडी विकायला निघाले, तेव्हा तिनं किल्ली कमरेला खोचली ती कायमचीच. बावीस वर्षं ती पिकअप चालवत होती. खडीच्या खाणीवरून बांधकामांवर माल पोचवायचा, हे तिचं काम. ओव्हरटेक करताना शिव्या देणाऱ्यांना ती काच खाली करून दुप्पट शिव्या द्यायची.

त्या दिवशी बारक्यानं तिच्या गाडीचा कंपनीचा एअर फिल्टर, त्याच्या काळ्या बंद डब्यासकट, काढून टाकला. त्या जागी चकचकीत पाइप आणि त्याच्या टोकाला लाल रंगाचा उघडा फिल्टर बसवला. याचा फायदा जवळजवळ शून्य, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कंपनीचा डबा बाहेरची थंड हवा घेतो, हा उघडा फिल्टर बोनेटमधली तापलेली हवा ओढतो. वाढतो तो फक्त आवाज. शिवाय बारीक धूळ अडवण्यात हा कच्चा. आणि आत्याची गाडी दिवसभर खाणीच्या धुळीत.

मग बसवला कशाला? तर रस्त्याच्या पलीकडे नवं गॅरेज निघालं होतं. तिथे असलं चकचकीत सामान बसवून मिळायचं आणि बारक्याची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली होती. आत्याची गाडी गावभर फिरायची आणि आत्याचं तोंडही. यापेक्षा चांगली जाहिरात कुठून मिळणार?

जाहिरात झालीही झकास. गाडी घुमायला लागली. "काय ओढतेय रे! चढाला खालचा गिअर टाकावा लागत नाही," आत्या जिथे तिथे सांगायची. कानाला जे जाणवत होतं तेच तिच्या पायालाही जाणवायला लागलं होतं. तिचं ऐकून पिकअपच्या स्टँडवरच्या आणखी तिघा गाडीवाल्यांनी तो पाइप बसवून घेतला. बारक्या आत्याला चहा पाजायचा आणि मनातल्या मनात ओशाळायचा. पण गिऱ्हाइकं परत येत होती. तो गप्प बसला.

सात महिन्यांनी गाडी निळा धूर ओकत दारात आली. ऑइल खात होती आणि रिकामी असतानाही चढाला दम टाकत होती. बारक्यानं पाइप सोडवला आणि आतून बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी मऊ, करडी धूळ लागली. फिल्टरच्या पुढे, जिथे एक कणही असायला नको, तिथे. टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, पाती झिजली होती. पिस्टनच्या रिंगाही गेल्या असणार, हे त्याला इंजिन न उघडताच कळलं.

आत्या शेजारीच उभी होती. "माझंच चुकलं असेल ना रे? हल्ली क्लच नीट सुटत नाही माझ्याच्यानं. मालही जास्त घेते."

आता सांगावं, असं बारक्याच्या अगदी ओठांवर आलं. त्यानं बोट पँटला पुसलं आणि म्हणाला, "गाडीचं वय झालंय, आत्या. आणि चालवण्यावरही असतंच थोडंफार."

हे दुसरं वाक्य कशाला बोललो, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आत्यानं मान हलवली आणि स्वतःच्या तळहातांकडे बघितलं.

त्यानंतर ती घरी बसली. गाडी ओढून नेऊन तिनं अंगणात लावली. सुरुवातीला बारक्यानं 'बरं झालं, तेवढाच आराम' अशी मनाची समजूत घातली. पण गिऱ्हाईक काहीही विचारायला आलं, तरी याला वाटायचं, पाइपचंच विचारतंय. बायको म्हणाली, "आत्याबाई फोनवर नीट बोलत नाहीत हो. तुम्ही एकदा जाऊन या." तो उद्यावर ढकलत राहिला. सहा आठवडे गेले आणि एका सकाळी बायकोनंच बातमी दिली, "गाडी विकताहेत त्या. उद्या माणूस बघायला येतोय."

बारक्या हातातलं काम टाकून निघाला.

आत्या केबिन पुसत होती. सीटवरची तिची उशी, उन्हाची टोपी, पाण्याची बाटली, सगळं पायरीवर काढून ठेवलं होतं.

"आत्या, गाडी तू नाही बिघडवलीस."

"वय झालं म्हणालास ना? गाडीचंही आणि माझंही."

"खोटं बोललो मी. तो पाइप बसवला ना, त्यातून धूळ आत गेली. इंजिन त्यानं खाल्लं. तुझ्या चालवण्याचा काही संबंध नाही."

फडकं थांबलं. "बसवताना माहीत होतं तुला?"

'नव्हतं' म्हणायला एवढीशी फट होती. बारक्यानं ती सोडून दिली. "होतं."

"मी विचारलं होतं तुला. उपयोग असतो का म्हणून."

"हो."

"आणि मी माझ्या हातांना बोल लावत होते, तेव्हाही माहीत होतं."

आत्या आरडाओरडा करेल, फडकं तोंडावर मारेल, अशी बारक्याची तयारी होती. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "इंजिनचं सोड. लोखंड आहे, बदलता येतं. सहा आठवडे रोज सकाळी उठून मी हात पुढे धरून बघायचे, थरथरतात का म्हणून. तुझ्यावर विश्वास ठेवून."

बारक्याला रडू फुटलं. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. फडकं बाजूला ठेवून म्हणाली, "माझ्या नादानं त्या तिघांनीही बसवलाय. त्यांना आजच जाऊन सांग. माझी चूक म्हणून नाही, तुझी म्हणून."

तो त्याच दुपारी स्टँडवर गेला. चार लोकांत उभं राहून 'मी फसवलं' म्हणाला. एकानं आईबहीण काढली. दुसऱ्यानं तिथल्या तिथे जुना डबा परत बसवून मागितला. तिसरा, गळ्यात टॉवेल टाकून फिरणारा एक हौशी गडी, म्हणाला, "मला ठाऊकच होतं काही फरक पडत नाही. पण आवाज भारी आहे. राहू दे."

आत्याच्या गाडीचं इंजिन बारक्यानं स्वतः उतरवलं. तीन आठवडे दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. सिलेंडर घासून आणले, रिंगा, टर्बो सगळं नवं घातलं. आत्याचा जुना डबा भंगारात गेला होता, म्हणून तसलाच दुसरा शोधून आणला आणि त्यात कंपनीचा कागदी फिल्टर बसवला. आत्यानं गाडी सुरू केली, पहिल्याच दमात क्लच सोडला आणि धक्का न देता बाहेर काढली. ती परत खाणीवर जायला लागली.

पुढच्या महिन्यात ऑइल बदलायची वेळ आली. बारक्या वाट बघत होता. आत्याची पिकअप आली आणि वळली ती पलीकडच्या गॅरेजात. तिथल्या मेकॅनिकनं बोनेट उघडलं. आत्या रस्ता ओलांडून बारक्याकडे आली, स्टूल ओढून बसली.

"चहा सांग," ती म्हणाली. "आणि तुझ्या धाकट्या लेकीचा ताप उतरला का रे?"

"उतरला," बारक्या म्हणाला आणि चहा सांगायला उठला.