पाव चार

लेअरहून लाइपझिगला पोचेपर्यंत गेझिनेनं रोस्विताला मनातल्या मनात सात वेळा माफ केलं होतं.

पहिल्यांदा ब्रेमेनच्या अलीकडे, जरा कोरडेपणानं. मग हानोवरला गाडी बदलताना, डोळ्यांत पाणी आणून. हाल्ले मागे पडलं तेव्हा तर तिचं मन इतकं मोठं झालं की ते त्या डब्यात मावेना. "जाऊ दे गं, झालं गेलं गंगेला मिळालं," अशा थाटात तिनं हात उडवला, तो शेजारी उकडलेलं अंडं सोलत बसलेल्या नवऱ्याच्या कोपराला लागला.

"कुणाशी बोलतेस?" एगर्ट म्हणाला.

"कुणाशी नाही."

"मग हात कशाला उडवतेस? मीठ सांडलं ना माझं."

रोस्विता ही गेझिनेची सख्खी मावसबहीण. देशाच्या मधोमध भिंत उभी होती, लेअर पश्चिमेला आणि लाइपझिग पूर्वेला, तोवर दोघींचं अगदी गूळपीठ होतं. दर नाताळला लेअरहून कॉफीचं पार्सल जायचं आणि लाइपझिगहून रोस्विताच्या आईनं, एल्फ्रीडमावशीनं, स्वतः भाजलेला केक यायचा, दगडासारखा कडक, पण खाताना डोळे भरून यायचे. मग भिंत पडली. माणसं रस्त्यावर येऊन एकमेकांच्या गळ्यात पडली आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत या दोघींचं बोलणं बंद झालं.

झालं असं. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात रोस्वितानं पत्र लिहिलं, आता या, पाव चारला स्टेशनातल्या मोठ्या घड्याळाखाली उभी राहते. गेझिने गेली. एगर्टला घेऊन, नवा कोट घालून गेली. चार वाजून पंधरा मिनिटांपासून सहा वाजेपर्यंत त्या घड्याळाखाली उभी राहिली. रोस्विता आली नाही. घरचा पत्ता पर्समध्ये होता, इतक्या पार्सलांवर लिहून लिहून तो पाठही झाला होता. एगर्ट म्हणाला, ट्रॅमनं जाऊ या की. गेझिने म्हणाली, "बोलावलं तिनं, न्यायला यायचं तिनं." आणि सहाच्या गाडीनं ती परत फिरली. त्या दिवसापासून तिनं त्या नात्याच्या नावानं कानाला खडा लावला. पुढं लेअरमध्ये जो भेटेल त्याला तिनं सांगितलं, कॉफी हवी होती तोवर बहीण होते, दुकानात कॉफी मिळायला लागल्यावर संपली बहीण.

तेहेतीस वर्षं गेली. यंदा वसंतात रोस्विताचं कार्ड आलं. सत्तर पूर्ण होतायत, इकडे कधी आलात तर भेटू. गेझिनेनं ते कार्ड दोन दिवस फ्रिजवर चिकटवून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, आपण शनिवार-रविवारची लाइपझिगची सहल करू, आणि मी तिला माफ करीन. तिनं तसं कळवलं. म्हणजे सहलीचं कळवलं, माफीचं राखून ठेवलं. उलट टपाली चिठ्ठी आली, "शनिवारी पाव चारला तुमच्या हॉटेलात येते."

"पुन्हा पाव चार," गेझिने म्हणाली. "लाज कशी नाही वाटत."

हॉटेल स्टेशनच्या मागच्या अंगाला होतं, दोन रात्री नाश्त्यासकट, आणि जितकं स्वस्त तितकंच दिसत होतं. खोलीत एका माणसानं पँट चढवायची म्हटली तर दुसऱ्यानं पलंगावर बसायचं. पलंग म्हणायला जोडीचा, पण दोन गाद्यांच्या मधे अशी फट की एगर्टचा चष्मा पहिल्या तासातच त्यात गेला. खोलीत पाणी उकळायला बंदी, तशी पाटी होती. एगर्टनं ती पाटी उलटी करून ठेवली आणि बॅगेतून आपली किटली, आपली चहापत्ती, खडीसाखर आणि साईचा डबा काढला. लेअरचा माणूस पासपोर्टाशिवाय जाईल, चहाशिवाय जाणार नाही, आणि तीन कपांच्या आत उठणार नाही.

काउंटरवर लिपोल्ड नावाचा पन्नाशीचा गृहस्थ होता. कठोर अक्षरं लोण्यात घोळवून बोलण्याची तिकडची रीत. किल्ली देताना त्यानं लोण्यातूनच सांगितलं होतं, "नाश्ता पाव अकरापर्यंत."

शनिवारी सकाळी दोघं निवांत उठली. घाई कसली? एगर्टचे तीन कप झाले, चष्मा दुसऱ्यांदा फटीतून काढून झाला आणि दहा वाजून चाळीस मिनिटांनी दोघं खाली उतरली. तर टेबलं पुसून स्वच्छ, चीज नाही, अंडी नाहीत, खुर्च्या उलट्या. पाव अकराच्या नादात पाव गेला होता.

"संपला नाश्ता," लिपोल्ड फडकं पिळत म्हणाला.

"संपला?" एगर्ट ताडकन म्हणाला. "अहो, पाव अकरापर्यंत म्हणालात ना तुम्ही?"

"म्हणालो की. आता पाऊण अकरा होत आलेत."

"गेझिने, हा माणूस अपूर्णांकात बोलतोय."

"आणि लिफ्टमध्ये आकड्यात लिहिलंय, दहा पंधरा," लिपोल्ड म्हणाला.

लिफ्टमध्ये एगर्ट त्या पाटीला पाठ लावून उभा राहिला होता. लिफ्ट तेवढीच होती.

"चार वाजून पाव तास झाला की आम्ही 'चारवर पाव' म्हणतो," गेझिने म्हणाली, शाळेतल्या बाईंसारखी. "तुम्ही तो 'वर' खाता. तर पाव अकरा म्हणजे अकरावर पाव. अजून अर्ध्या तासाहून जास्त वेळ आहे. आणा अंडी."

लिपोल्डला असे पश्चिमेकडचे पाहुणे नवे नव्हते. त्यानं एक रिकामा पेला टेबलावर ठेवला आणि सफरचंदाच्या रसाची बाटली आणली.

"बाई, दहा वाजले की अकरावा तास सुरू होतो. हा पेला म्हणजे तो अकरावा तास. बरं?" त्यानं थोडा रस ओतला. "पाव भरला. पाव अकरा." आणखी ओतला. "अर्धा भरला, अर्धे अकरा. हे तरी तुम्ही म्हणता ना?"

"म्हणतो की," एगर्ट म्हणाला. "अर्धे अकरा म्हणजे दहा वाजून तीस. सगळा देश म्हणतो."

"मग मला सांगा साहेब, पेला आधी पाव भरतो की आधी अर्धा?"

एगर्टनं पेल्याकडे बघितलं, लिपोल्डकडे बघितलं, मग पेला उचलून रस पिऊन टाकला. "बरोबर आहे याचं," तो म्हणाला.

गेझिनेनं एक उलटी खुर्ची सुलटी केली आणि तिच्यावर बसली.

"आणि पाव चार?" तिनं विचारलं. "पाव चार म्हणजे किती?"

"तीन वाजून पंधरा," लिपोल्ड म्हणाला. "इथं शेंबड्या पोरालाही विचारा."

तीन वाजून पंधरा. एक्क्याण्णवच्या त्या दिवशी त्यांची गाडी तीनलाच पोचली होती. अजून तास आहे म्हणून गेझिने स्टेशनातल्याच चहाच्या दुकानात जाऊन बसली होती, घड्याळापासून चाळीस पावलांवर, खिडकीकडे पाठ करून. दोन कप चहा घेतला होता आणि तो किती पुळचट होता याच्यावर अर्धा तास बोलली होती. आणि त्या सगळ्या वेळात रोस्विता घड्याळाखाली उभी होती.

"म्हणजे चूक आपली?" एगर्टनं हळूच विचारलं.

"आपली कसली? तू पत्र वाचलंही नव्हतंस. माझी."

"तिनंही जरा सरळ लिहायला हवं होतं."

गेझिनेला ते वाक्य फार आवडलं. ते घट्ट धरून वर जावं, तोंड धुवावं आणि ठरल्याप्रमाणे माफ करून मोकळं व्हावं, असं तिला क्षणभर अगदी वाटलं. पण पर्समधला तो पत्ता काही तिला सोडेना. वेळ चुकली असेल भाषेमुळे, ट्रॅममध्ये चढली नाही ती स्वतःमुळे. माफ करायला म्हणून निघालेली बाई, आता माफी मागायची पाळी तिच्यावर आली होती, आणि त्याची तिला सवय अजिबात नव्हती. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, एगर्टनं साक्ष दिली असती.

तीनला पाच कमी असतानाच ती खाली येऊन बसली. चॉकलेटचं मशीन आणि प्लॅस्टिकचं झाड यांच्यामध्ये दोन खुर्च्या होत्या, एकीवर ती, दुसरीवर एगर्ट. तीन पंधरा झाले. दार उघडलं, एक सायकलवाला आत आला. साडेतीन झाले. पावणेचार झाले. गेझिनेनं वाक्य तयार केलं होतं, ते पुन्हा पुन्हा म्हणून आता त्याचा चोथा झाला होता.

"नाही येत ती," चार वाजता एगर्ट म्हणाला. "चल, काहीतरी खाऊ. सकाळपासून माझ्या पोटात एक पेला रस आहे."

"तू जा."

"आणि तू?"

"मी बसणार. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मी निदान बसलेय तरी."

एगर्ट गेला नाही. त्यानं मशीनमधून एक चॉकलेट काढलं आणि मोठा तुकडा तिला दिला. तिला भीती वाटत होती. रोस्विता येणार नाही याची नव्हे, तर न येण्याचा तिला पूर्ण हक्क आहे याची.

चार वाजून पंधरा मिनिटांनी दार उघडलं. लाल कोट, आखूड पांढरे केस, हातात केकचा खोका आणि मावशीचंच नाक. रोस्विता दारातच थांबली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाली, "बघ. चारवर पाव. तुमच्या पद्धतीनं आले."

गेझिने उठून उभी राहिली. "मी सव्वातीनच्याही आधीपासून बसलेय," ती म्हणाली. "तुमच्या पद्धतीनं."

काउंटरमागे लिपोल्डला एकदम खोकला आला.

"समोरच्या बेकरीत बसले होते गं मी," रोस्विता म्हणाली. "तीनपासून! घरी बसवेना. म्हटलं, तू काही सव्वाचारच्या आत खाली येणार नाहीस. लिहिताना लिहून गेले पाव चार, पेटीत टाकल्यावर आठवलं, तुमचा पाव वेगळा."

"फोन करायचास की हॉटेलात."

"तेहेतीस वर्षांनी पहिल्यांदा बोलायचं आणि ते घड्याळाबद्दल? नको म्हटलं." ती जवळ आली. "तुला कधी कळलं?"

"आज. नाश्ता बुडाला तेव्हा. तुला?"

रोस्वितानं खोका एगर्टच्या हातात दिला, रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळेना. "अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "जावई ब्रेमेनचा आहे. पहिल्यांदा घरी आला तो तासभर उशिरा. मी त्याला दारातच झापला. तो बिचारा म्हणाला, अहो, मी तर वेळेवर आहे. तेव्हा लख्ख कळलं."

"अकरा वर्षं! आणि एक ओळ लिहिली नाहीस?"

"काय लिहू? तोवर सगळ्या गल्लीला सांगून बसले होते, की पश्चिमेच्या बहिणीला आमची लाज वाटली, आमचे कपडे बघून लांबूनच परत गेली. आई माझ्याबरोबर उभी होती त्या दिवशी. पाय सुजले होते तिचे. तरी चारपर्यंत हलली नाही. म्हणाली, येईल गं, ती गाडी चुकवणाऱ्यातली नाही."

गेझिनेचं तयार केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "मावशीला पोचवायलासुद्धा मी आले नाही," ती म्हणाली.

"आली असतीस कशी? मी ते आई गेल्याचं काळ्या काठाचं पाकीट दफनाच्या दुसऱ्या दिवशी टाकलं. मुद्दाम. तुला यायला मिळू नये म्हणून." रोस्विता जमिनीकडे बघत होती. "सगळं सोड, हे माफ करता येत असेल तर कर."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"टपालाच्या खिडकीत बसून एकतीस वर्षं नोकरी केली मी. पाकीट फोडायच्या आधी शिक्का बघते. तारीख बघितली आणि मला बरं वाटलं, रोस्विता. म्हटलं, सुटले, जावंही लागलं नाही आणि दोषही तिचाच." तिनं मशीनला हात टेकला. "मावशी गेली होती आणि मला बरं वाटलं होतं."

मग दोघी रडल्या. चॉकलेटच्या मशीनला टेकून, नाकं वाजवत, अगदी लहान पोरींसारख्या रडल्या. सायकलवाला लिफ्टमधून उतरला होता, तो पुन्हा आत जाऊन वर निघून गेला. एगर्ट केक पोटाशी धरून झाडाच्या पानांवरची धूळ बघत होता.

"अगं, तोंडात घालायला काही मिळेल का मला?" शेवटी त्यालाच राहवेना.

"माझ्याकडेच जेवायला या," रोस्विता डोळे पुसत म्हणाली. "बटाटे सोलून ठेवलेत. मी पुढे होते, तुम्ही आवरून अर्धे..."

"नको," गेझिने म्हणाली. तिनं रोस्विताचा दंड धरला होता तो सोडला नाही. "वेळ सांगूच नकोस. वेळ ठरवून भेटणं आपल्याला जमत नाही. आत्ताच येते मी तुझ्याबरोबर."

"अशीच? सपाता आहेत की पायांत तुझ्या."

गेझिनेनं खाली बघितलं. हॉटेलच्या पांढऱ्या कागदी सपाता होत्या खऱ्या. "असू देत," ती म्हणाली, आणि बहिणीच्या हातात हात घालून तशीच ट्रॅमच्या थांब्याकडे निघाली.