आठशेची पट्टी अन् पाचशे तेहतीसचा बोर्ड

मित्रांनो, मी एक जुनी रॅमची पट्टी आहे. पहिलेच सांगून ठेवते, मी कोणावर लवकर भरवसा ठेवत नाही. तुमच्यावर बी नाही. तुम्ही मले उचललं तर मी पहिले पाहीन, कडेनं धरलं का माझ्या सोनेरी दातांवर घामाचा अंगठा ठेवला.

माझा जन्म कोण्या देशात झाला ते माझ्या पाठीवरच्या स्टिकरवर लिहून आहे. पण स्टिकर काय, कोणी बी छापते. मले आठवते ते एवढंच: हिरव्या पट्टीवर काळ्या चिपा बसवल्या, कोणीतरी तपासलं, अन् पाठीवर ८०० लिहून डबीत टाकलं. आठशे म्हणजे माझा वेग. कॉम्प्युटरवर जे काम चालू असते त्याचा सगळा पसारा माझ्या अंगावर राहते. मी जेवढं भरभर देते-घेते, तेवढं काम सरकते. लाईट गेली का माझ्यावरचं सगळं पुसलं. म्हणून लाईटवर बी माझा भरवसा नाही.

दोन हजार आठच्या सुमारास मी आमगावले आली, डोमनलालच्या फोटो स्टुडिओत. तो लग्नाच्या शूटिंगा करायचा अन् मग बसून मिक्सिंग. नवरदेवाच्या मागून उडणारे बदाम, नवरीच्या डोक्यावर चांदण्या. पहिले त्याची मशीन अर्ध्या वरातीत अडकायची. मी बसली अन् वरात सरसर निघाली. मशीन चालू करताना पडद्यावर ८०० उमटलं का तो पाहुण्यायले बोलवून दाखवायचा. मले बरं वाटायचं, खोटं काऊन बोलू.

पण हा माणूस माझ्यापेक्षा संशयी. कोणीतरी त्याच्या कानात भरवलं का दुरुस्तीवाले चांगला माल काढून घेतात अन् हलका टाकतात. त्यानं मले बाहेर काढलं अन् बायकोले, ओमेश्वरीले, हाक मारली.

"तुही नखपॉलिश आन."

माझ्या कोपऱ्यावर लाल ठिपका पडला. "आता कोनी बदलवली तं समजन," डोमनलाल म्हणाला.

"अजी, मलेबी एक ठिपका लावून ठेवा," ओमेश्वरी म्हणाली. "कोनी बदलवन मलेबी."

मग उन्हाळा आला, लग्नाचा सीझन आला, भारनियमन बी आलं. एका दुपारी गेलेली लाईट अशी भडकून परत आली का आमचा बोर्ड जळला. बोर्ड म्हणजे ज्याच्यावर मी, प्रोसेसर, आम्ही सगळे बसतो तो. डोमनलालनं मशीन उचलून खुशबूच्या दुकानात नेली.

खुशबू आमगावचीच पोरगी, टिकारामची. स्टेशनजवळ बापाची सायकल दुरुस्तीची खोली होती, तिथंच ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची. तोंडाची तिखट, हाताची साफ. आमच्या प्रोसेसरले चालन असा नवीन बोर्ड तिले भेटला नाही, म्हणून तिनं जुना बसवला. मशीन चालू केली. पडद्यावर ५३३ आलं. तिनं ते पाहिलं अन् स्क्रू आवळू लागली. डोमनलाल आला तर फक्त म्हणाली, "बोर्ड टाकला, भाऊ. जुना हाये, पन चालते."

आकड्याचं काही बोलली नाही. मी तवाच मनात म्हटलं, हे बरोबर नाही.

स्टुडिओत नेऊन डोमनलालनं मशीन चालू केली अन् त्याचा चेहरा उतरला. तशीच मशीन काढली अन् ओमेश्वरीले मोटरसायकलवर मागं बसवून, मशीन तिच्या मांडीवर ठेवून, खुशबूकडं आला.

"माही आठशेची रॅम कोठी हाये?"

"मशीनमंधीच हाये. कोठी जाईन?"

"पाचशे तेहतीस दाखवते. तू बदलवली."

खुशबूनं झाकण उघडून मले बाहेर काढलं. "हा तुमचा ठिपका. पाहा."

डोमनलालनं ठिपका नखानं खरवडून पाहिला. मग त्याची नजर खुशबूच्या बोटांवर गेली. तिची नखं लाल होती. तोच लाल.

"ठिपका तं तूबी लावू शकते," तो म्हणाला.

"अजी, बजारात एकच लाल भेटते," ओमेश्वरी म्हणाली. "मंग अर्ध्या आमगावच्या बाया चोर होतीन."

"तू गप राय." तो रस्त्यावर गेला अन् चहाच्या टपरीवरच्या लोकांकडं तोंड करून ओरडला, "चोर हाये हे पोरगी. चांगला माल काढून घेते. मशीनी देऊ नोका इच्याकडं."

कप खाली ठेवून लोक उठले. मी खुशबूच्या हातात होती, तिचा हात गरम झाला होता. बजारातल्या सगळ्या दुकानांच्या मशीनी तिच्याकडं यायच्या. हे नाव चिकटलं तर त्या उद्यापासून गोंदियाले जाणार. अन् टिकाराम तर आधीपासूनच म्हणून राहिला होता, शटर पाड अन् लग्न कर.

"तुमीच सांगा, कोन्या मशीनमंधी लावून पाहाचं," खुशबू म्हणाली. "माही नोको. तुमी निवडा."

डोमनलालनं पलीकडचा नेट कॅफे निवडला. तिथली मशीन नवीकोरी. मले मात्र त्यानं खुशबूच्या हातात राहू दिलं नाही, शर्टाच्या खिशात टाकलं. मागून टपरी सारी.

कॅफेत त्यायची रॅम काढून खुशबूनं मले बसवलं. मले बी धाकधूक होती. एवढा ओरडा झाल्यावर स्वतःवर बी शंका येते.

पडद्यावर आलं, ८००.

"मंग माह्या मशीनमंधी काऊन नाई?" डोमनलालनं विचारलं.

"धानाची रोवनी लावता ना तुमी? पऱ्हे, रोपं हातात देनारी केवढीबी चलाख असो, लावनारीचा हात चालन तेवढंच लागते. हे देनारी आठशेची हाये. तुमचा आताचा बोर्ड पाचशे तेहतीसचाच हाये."

"हे तवाच काऊन नाई सांगतलं?"

खुशबूनं मले स्लॉटातून काढलं. "सांगतलं असतं तं तुमी म्हनले असते, जुना बोर्ड टाकून फसवते."

"म्हनलोच असतो," डोमनलाल म्हणाला.

सगळे परत दुकानात आले. "आता मीच लावतो," म्हणून त्यानं मले पकडलं. उलटी पकडली. स्लॉटवर ठेवली अन् अंगठ्यानं दाबू लागला. मित्रांनो, तशी जोरानं कोंबून लाईट दिली असती तर मी जळाली असती, बोर्ड बी गेला असता. अन् सगळ्या टपरीसमोर त्याच्याच हातानं. मी खुशबूकडं पाहून राहिली होती. तिले काहीच करायचं नव्हतं, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. आत्ताच चोर म्हटलेली पोरगी, तिनं काऊन बोलावं? डोमनलालनं दुसरा बी अंगठा लावला.

"उलटी हाये, डोमनभाऊ," ती म्हणाली. "मधातली खाच पाहा."

त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग खाचेकडं, परत तिच्या तोंडाकडं. मग मले फिरवलं. टक करून मी बसली.

"बरं," तो हळूच म्हणाला, "चुकी झाली माही."

"चोर म्हनलं तं रस्त्यावर उभं राहून. आता घशातल्या घशात काऊन बोलता?"

ओमेश्वरीनं डोमनलालचं कोपर धरलं अन् त्याले पायरीवर नेऊन उभं केलं.

"आयका गा," तो टपरीकडं पाहून मोठ्यानं म्हणाला. "पोरगी चोर नाई. मशीनी इच्याकडंच देजा." स्वभाव कोठी जाते? "पन समोर बसून."

लोक हसले. खुशबू हसली नाही. तिनं स्टूल बाहेर ओढला, फडक्यानं पुसला अन् त्याच्यासमोर ठेवला. "बसा मंग."

तो बसला. शटर काही पडलं नाही.

आता नव्या बोर्डात मी बसतच नाही, खाचच जुळत नाही. डोमनलालनं नवी मशीन घेतली तवापासून खुशबूच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. मित्रांनो, नवी रॅम घ्याल तर नुसत्या आकड्यावर भाळू नका. पहिले पाहा का तुमचा बोर्ड कोणती घेते अन् किती वेगानं चालवते. एक चलाख अन् एक हळू अशा दोघी बाजूला बाजूला बसवाल, तर दोघी हळूवालीच्याच चालीनं चालतीन. मले कडेनं धरा, पुसून ठेवा. दुकानात बसत असाल तर जो आकडा कमी दिसून राहिला तो गिऱ्हाईकाले स्वतःहून सांगा. अन् संशय घ्या, जरूर घ्या, मी बी घेते. पण फिटला, तर जेवढ्या मोठ्यानं घेतला होता तेवढ्याच मोठ्यानं परत करा.